तीन गावांच्या वाटेवर तेमेनुगा

त्र्यावना, २४ मे

स्त्राहिलमामा,

फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून कागद घेऊन बसलेय. कार्यशाळेच्या किल्ल्या तू माझ्या हातात ठेवल्यास त्याला आठ महिने झाले. खिडकीबाहेरचं लिंडेनचं झाड अजून पुरतं फुललेलं नाही, पण वास यायला लागलाय. दुपारी त्या वासाने डोळे जड होतात आणि मी काय करत होते तेच विसरते.

यंदा तिन्ही चर्चची जुनी भित्तिचित्रं दुरुस्त करायची मंजुरी राजधानीहून एकदम आली. येलोवोचं, कामेन दोलचं आणि गोर्ना रेकाचं. तू असतास तर एक संपवून दुसरं हातात घेतलं असतंस, हे मला माहीत आहे. पण मामा, आता मंजुरी त्या त्या वर्षापुरतीच असते. यंदा नाही म्हटलं की काम दुसऱ्या कुणाकडे जातं. मी तिन्हींना हो म्हटलं. कामेन दोलचं ऑगस्टमध्ये देवमातेच्या सणाला उघडायचं, येलोवोचं ऑक्टोबरात संत पेत्काच्या दिवशी, आणि गोर्ना रेकाचं थंडी पडायच्या आत.

माणसं तीच. गिलावा सांभाळणारा बिसेर, परांची बांधणारा क्रुमदादा, चेहऱ्यांत रंग भरणारी तेमेनुगाताई आणि मी. मी भिंतभर तक्ता केलाय, प्रत्येकाचा रंग वेगळा. तेमेनुगाताईचा जांभळा. सोमवार-मंगळवार येलोवो, बुधवार-गुरुवार कामेन दोल, शुक्रवारी गोर्ना रेका. एकाही माणसाचा एकही दिवस रिकामा नाही. क्रुमदादा तक्त्यासमोर टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "सुंदर आहे गं. ह्यात जेवायचं कुठे?" सगळे हसले. तेमेनुगाताई हसली नाही.

खरं सांगू? ती हल्ली फार सावकाश करते. तू तिला वीस वर्षं कसं सांभाळलंस?

तुझी,
नेवेना

—

पोमोरिये, २ जून

नेवे, पोरी,

मिठागरांवर पाणी चढलंय. सकाळी आकाश खाली आणि पक्षी वर, असं दिसतं. मी खुर्ची टाकून बसतो. आयुष्यभर माणसांना "चला, चला" म्हणालो, आता मला कुणी म्हणत नाही.

तुझा तक्ता मला इथून दिसतोय. मीही करायचो तसले, फक्त माझे पाठकोऱ्या कागदांवर असायचे, म्हणून कुणाला दिसले नाहीत. मी तेमेनुगाला सांभाळलं वगैरे काही नाही. ती राहिली, एवढंच.

उपदेश करत नाही. एक काम सांगतो. प्रत्येकाला विचार, गावात पोचल्यावर पहिला तासभर तू काय करतोस? काय केलं पाहिजे ते विचारू नकोस. काय करतोस, ते विचार. आणि ते जे सांगतील ते मला लिही.

क्रुमला म्हणावं, टोपी घाल, टकलाला ऊन लागेल.

मामा

—

त्र्यावना, २३ जून

मामा,

विचारलं. बिसेर म्हणाला, "मी भिंतीला तळहात लावून फिरतो. रात्रीत कुठे ओल आली, कुठे गिलावा सुटला, हाताला कळतं." क्रुमदादा म्हणाला, "दोऱ्या बघतो आणि बायकोला शिव्या घालतो, कारण डबा कुणाचा तरी दुसऱ्याचाच दिलेला असतो." तेमेनुगाताईला विचारलं तर ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "मी बसते."

"म्हणजे?"

"बसते. बघते."

"किती वेळ?"

"कधी तासभर. कधी दुपार होते."

माझ्या मनात हिशेब झालाच. आठवड्यात तीन गावं, म्हणजे तीन वेळा बघत बसणं. दीड दिवस गेला, मामा! मी तिला हळूच म्हटलं, "ताई, येलोवोत सोमवारी पाहिलेलंच असतं ना, मग पुढच्या सोमवारी पुन्हा कशाला?" ती म्हणाली, "बरं."

आणि चमत्कार झाला. गेल्या दोन आठवड्यांत तिचं काम दुप्पट झालं! येलोवोच्या संत पेत्काचा चेहरा तुला आठवत असेल. डावी बाजू ओलीने पूर्ण गेली होती. ती आता पुरी झाली आहे. फोटो पाठवतेय. मला तर वाटलं, कुणीतरी झोपेतून जागं होऊन माझ्याकडे पाहतंय.

मी मात्र धड जागी नसते. गाडी चालवून चालवून तिन्ही गावं एकमेकांत मिसळलीत. परवा स्वप्नात येलोवोच्या दारातून आत शिरले आणि मागच्या दाराने बाहेर पडले तर समोर गोर्ना रेकाची नदी. पाण्यावर माझा तक्ता तरंगत होता, आणि क्रुमदादा काठावरून ओरडत होता, "पकड, पकड, सोमवार चालला!"

नेवेना

—

पोमोरिये, ३० जून

नेवे,

फोटो टेबलावर ठेवून दोन दिवस पाहिला. काम फार सुरेख आहे. हातात जादू आहे तिच्या.

पण हा डावा डोळा पेत्काचा नाही.

उजवा बघ. तो जुना आहे, तो मूळ चित्रकाराने स्वतः चितारलेला. सरळ तुझ्याकडे पाहतो, जरा धाकातच. डावा खाली झुकलाय, आणि त्याच्या कोपऱ्यात बारीक लाल रेघ आहे. ती रेघ मी ओळखतो. गोर्ना रेकाच्या संत नेदेल्याच्या डोळ्यांतून वीस वर्षांपूर्वी मी स्वतः काजळी काढली होती, सहा दिवस. शुक्रवारी तेमेनुगा तिच्यासमोर असते. सोमवारी ती नजर येलोवोत घेऊन आली.

जिथे मूळ काही उरलेलं नाही तिथे नवा डोळा रंगवायचाच नसतो, हे तिने तुला शिकवलंय, तू तिला नाही. तिथे बारीक उभ्या रेघांनी शांत रंग भरायचा आणि गप्प बसायचं. तेमेनुगा हे चुकेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. याचा अर्थ नीट लावून बघ.

तिच्याशी एकटीशी बोल. चहा कर. घाई करू नकोस. रंग पाण्याने निघणारा आहे, पळून जात नाही.

मामा

—

त्र्यावना, ११ जुलै

मामा,

मी सगळं बिघडवलं.

तुझं पत्र वाचून मी तशीच गाडी काढली आणि येलोवोला गेले. परांचीवर बिसेर होता, क्रुमदादा खाली, आणि चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या गेनाआजी मेणबत्त्यांचं मेण खरवडत होत्या. मी खालूनच विचारलं, "ताई, हा डोळा कुठून आणलास?"

ती उतरली नाही. म्हणाली, "कोणता?"

"डावा. हा गोर्ना रेकाचा आहे."

तिने वळून पाहिलं. पाहतच राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला, आणि तरी माझं तोंड थांबलं नाही. म्हणाले, मंजुरीवाले तपासायला येणार आहेत, कार्यशाळेचं नाव जाईल, तू तर आमची सगळ्यांत जुनी.

गेनाआजी म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. तीन आठवडे झाले, मी पेत्काला काही सांगायला लागले की ती खाली बघते. म्हटलं, माझंच काही चुकलं असेल."

त्यावर तेमेनुगाताई परांचीवरच खाली बसली. बिसेरने मला डोळ्यांनी खुणावलं, जा. मी गेले नाही. मी म्हणाले, "उद्या कामेन दोलला सातला निघायचंय." असं म्हणाले मी, मामा. खरंच.

ती कामेन दोलला आली नाही. त्यानंतर कुठेच आली नाही. आज सहा दिवस झाले. घराला कुलूप आहे. शेजारीण म्हणते, बसने गेली, कुंचल्यांची पेटी नेली नाही. ती कुंचले ठेवून गेली, ह्याचीच मला भीती वाटते.

कामेन दोलचा सण महिन्यावर आलाय. मी तक्त्यावरच्या जांभळ्या पट्ट्यांकडे पाहते. ती नाही, तरी तक्त्यात ती रोज कुठेतरी आहे.

नेवेना

—

पोमोरिये, १७ जुलै

नेवे,

रडू नकोस. माणूस गेलं म्हणजे हरवलंच असं नाही.

इथे ऊन फार आहे. अंगणातले जर्दाळू पिकले आणि संपलेही. मला चार मिळाले. बिया तेवढ्या फोडून अंगणभर पडल्यात. समुद्र अगदी थंड, सकाळी पोहायला बरा.

आज तुला वेलामामीचं सांगतो. ती मला सोडून गेली ते भांडणामुळे, असंच तुम्हा सगळ्यांना वाटतं. तुझ्या आईला मीच तसं सांगितलं होतं. भांडण कधी झालंच नाही. वेला माझ्याच कार्यशाळेत चेहरे रंगवायची. एकोणऐंशी साली मी चार चर्च घेतली होती. वेला घरचीच, ती नाही म्हणणार नाही, म्हणून चारही ठिकाणी तिलाच पाठवायचो. इतरांना विचारायचो, तिला सांगायचो. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "स्त्राहिल, काल मी तुला रस्त्यात ओळखलं नाही. तू माझ्यासमोरून गेलास आणि मला वाटलं, हा चेहरा कुठल्या भिंतीवरचा?" मी हसलो. म्हटलं, रविवारी झोप काढ. रविवारी ती बहिणीकडे रूसेला गेली. अजून तिथेच आहे.

मी त्या वर्षी चारही चर्च वेळेवर दिली.

मामा

—

त्र्यावना, २६ जुलै

मामा,

जर्दाळूच्या बिया फोडून खाणारं माणूस मला एकच माहीत आहे. तेमेनुगाताई तुझ्याकडे आहे, हे मी ओळखलंय. तिला निरोप सांगू नकोस, तिला आणू नकोस. झोपू दे. मी काय केलं तेवढं लिहिते, वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

वेलामामीबद्दल वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि गोर्ना रेकाला गेले. पाद्रीबाबा मेतोदी अंगणात मधमाश्यांपाशी होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "यंदा तुमचं चर्च होणार नाही. मी हो म्हटलं ती माझी चूक. माझ्याकडे एवढी माणसं नाहीत."

ते म्हणाले, "मे महिन्यात तर होती."

"तेव्हाही नव्हती. मी एकेका माणसाची तीन केली होती."

फार रागावले. म्हणाले, गावातल्या म्हाताऱ्यांनी दोन वर्षं वाट पाहिली, त्यांतले पुढच्या वर्षी किती असतील? मी ऐकत उभी राहिले. शेवटी म्हणाले, "निदान तू स्वतः येऊन सांगितलंस," आणि आत गेले. तेवढंच. राजधानीत पत्र टाकलंय. ते काम बहुतेक दुसऱ्यांकडे जाईल. बिसेरला ते फार लागलं, त्याचं आजोळ तिथलं. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग आम्ही तिघं कामेन दोलच्या परांचीवर बसलो. मी विचारलं, "सणापर्यंत खरंच काय होईल?" क्रुमदादा म्हणाला, "खरं सांगू की तक्त्यातलं?" खरं एवढंच निघालं: मधला घुमट आणि दाराची भिंत. उत्तरेची भिंत झाकून ठेवायची आणि गावाला तसं सांगून टाकायचं. बिसेर म्हणाला, त्याला सलग बारा दिवस एकाच गावात हवेत, ओला गिलावा त्याला सोडवत नाही. दिले. परांची एका गावातून दुसऱ्या गावात दर आठवड्याला हलवत होतो, तेही बंद.

आणि शांत रंगाच्या रेघा मी भरतेय. चार वर्षांनी कुंचला धरला. काल घुमटाखाली पाठीवर पडून रेघा ओढत होते, बाहेर कुणीतरी गवत कापत होतं, विळ्याचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा. किती वेळ गेला कळलं नाही. खाली उतरले तर सगळे जेवून बसले होते, माझ्यासाठी चीज भरलेल्या बनित्साचा एक तुकडा झाकून ठेवला होता. मे महिन्यापासून मला पहिल्यांदा भूक लागली होती.

नेवेना

—

पोमोरिये, ३ ऑगस्ट

नेवेना,

तुझ्या मामांनी पत्र वाचून दाखवलं नाही. टेबलावर ठेवून मिठागरावर गेले, ते तीन तास आलेच नाहीत. तेव्हा मीच वाचलं.

मी इथे आले तेव्हा तीन दिवस झोपले. चौथ्या दिवशी डोळे उघडले आणि छताकडे पाहिलं तर छतावर कुणीच नव्हतं. किती बरं वाटलं, तुला कसं सांगू! त्याआधी कित्येक आठवडे मी डोळे मिटले की तिन्ही गावांचे संत एकत्र यायचे. एकाचं नाक, दुसऱ्याची भुवई. बोलायचे नाहीत, नुसते दाटीवाटीने उभे राहायचे, बस येईल म्हणून थांबल्यासारखे.

तो डोळा मी मुद्दाम तसा रंगवला नाही. सोमवारी मी चढले, रंग कालवला, आणि हात चालायला लागला. मला वाटलं, किती सहज येतंय. मी बसून पाहिलं असतं तर पेत्काने मला थांबवलं असतं. पण पाहायचं नाही असं ठरलं होतं ना. मी बरं म्हणाले, ही माझी चूक. तीस वर्षांच्या कामानंतर मला "नाही" म्हणता यायला हवं होतं. मी मनात म्हटलं, पोरगी नवी आहे, तिच्या मानेवर तीन गावं आहेत, आपण थोडं ओढून घेऊ. तुझं ओझं उचलतेय असं वाटत होतं, आणि तुला काही कळूच दिलं नाही.

तू सर्वांसमोर बोललीस, त्याचं मला वाईट वाटलं. अजून वाटतं. ते जाईल हळूहळू, आत्ताच गेलं असं म्हणणार नाही.

देवमातेच्या सणानंतर मी येईन. कामेन दोलला येणार नाही, फक्त येलोवोला. तो डोळा दुसऱ्या कुणी पुसायचा नाही. माझे कुंचले ओले ठेवू नकोस, केस झडतात.

तेमेनुगा

—

येलोवो, २५ ऑगस्ट

मामा,

कामेन दोलचा सण झाला. झाकलेली भिंत पाहून लोक कुजबुजले, मग जेवायला बसले. एका बाईने मला विचारलं, "पडद्यामागे काय आहे?" मी म्हटलं, "पुढचं वर्ष." तिला ते पटलं नाही.

गोर्ना रेकाचं काम गेलं. कळवण्याचं पत्र दोन ओळींचं होतं. बिसेर वसंतात त्या नव्या लोकांबरोबर तिथे काम करायला जाणार आहे. मी त्याला अडवलं नाही. तो जाताना मला कसं वाटेल, ते आत्ताच कळतंय.

तेमेनुगाताई आली. मला मिठी मारली नाही, हात हातात घेतला आणि सोडला. काल तिने गेनाआजींना बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "आजी, तुम्ही बघा." मग कापसाचा ओला बोळा घेऊन वर चढली. एक बोळा, दुसरा, तिसरा. ती झुकलेली नजर आधी धुरकट झाली, मग ओघळ, मग काहीच नाही. इतका सुंदर डोळा होता तो, मामा. मला ओरडावंसं वाटलं, राहू दे! तिचा हात मात्र कुठेही अडखळला नाही. उरली फक्त कोरी जागा आणि शेजारी तो जुना, धाकात पाहणारा उजवा.

गेनाआजी खुर्चीवरून उठल्या. मग पेत्काकडे पाहून मोठ्याने म्हणाल्या, "दोन महिने कुठे होतीस गं भवाने? किती सांगायचंय तुला!" आणि आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं.

नेवेना

—

पोमोरिये, १ सप्टेंबर

नेवे,

तेमेनुगा गेल्यापासून घर मोठं झालंय. मी रूसेला पत्र लिहिलं. चोवीस वर्षांनी. माफी मागितली, दुसरं काही मागितलं नाही. उत्तर आलं नाही, येईल असंही नाही. तरी पेटीत टाकल्यावर रस्ताभर पाय हलके होते.

आता एक विचारतो. सांगत नाही, विचारतो. पेत्काच्या दिवसापर्यंत मी येलोवोला येऊ का? मला माणसं देऊ नकोस. मला कुणाला काही सांगावं लागणार नाही असं एखादं काम असेल तर दे. पाणी आणीन, दोऱ्या गुंडाळीन. क्रुमने शिव्या दिल्या तरी ऐकीन.

स्त्राहिल

—

येलोवो, ८ सप्टेंबर

मामा,

ये. गुरुवारी बस दुपारी दोनला चौकात थांबते. स्वेटर आण, इथे सकाळी धुकं पार वेशीपर्यंत उतरतं. गेनाआजींकडे तुझी खोली ठरवलीय. त्या घरची कडक राकिया प्यायला देतील, पहिल्या दिवशी नाही म्हण.

तुला एकच काम आहे, दुसरं कुणी दिलं तर माझ्याकडे पाठव. रोज सकाळी तेमेनुगाताई आत गेली की चर्चचं दार बाहेरून ओढून घ्यायचं आणि पायरीवर बसायचं. ती बघते आहे तोवर कुणालाही आत सोडायचं नाही. पाद्रीबाबांना नाही, तपासायला येणाऱ्यांना नाही.

मलासुद्धा नाही.

तुझी,
नेवेना